हिरूमावशीचं नाक आणि तीन बाटल्या

थांबा, आधी हे ऐका. मशीनवरचं अर्धवट पत्र मी ओढून काढलंय, कोरा कागद चढवलाय. साहेब मुंबईला गेलेत, डबा खायचा तास चाललाय आणि डबा तसाच झाकलेला आहे. हे आत्ताच्या आत्ता सांगितलं नाही तर उद्या पुन्हा व्यापाऱ्यांची पत्रं सुरू होतील आणि मग राहूनच जाईल. बोटं पळतायत, चुका होतील, चालवून घ्या.

काल हिरूमावशी गेली. अहो, तशी नाही! चांगली ठणठणीत आहे. कामावरून गेली. घरी, बाळकूमला. आमच्या मिलमधून ठाण्याच्या बाजारात जाणाऱ्या प्रत्येक डब्याला जिने नाक लावलं, ती बाई काल शेवटचं हजेरीपुस्तकावर अंगठा उठवून फाटकाबाहेर पडली. आणि आज सकाळपासून लॅबोरेटरीतलं खिडकीजवळचं तिचं स्टूल रिकामं आहे. मी तीनदा जाऊन बघून आले. वेडेपणाच आहे, पण गेलेले खरी.

आमची मिल कोलशेतच्या रस्त्याला. शेंगदाण्याचं तेल काढतो आणि वनस्पती तूप करतो. मी इथे मराठी मशीनवर टायपिस्ट. हिरूमावशी माझ्या आधीपासूनची, मिलचा पहिला घाणा सुरू झाला त्या वर्षापासूनची. बाळकूमची आगरी. बाप मिठागरावर होता, नवराही मिठागरावर होता, तो लवकर गेला. ही आली ती डबे धुवायला. व्यापाऱ्यांकडून रिकामे डबे परत यायचे, ते उकळत्या सोड्याच्या पाण्यात धुवायचे, उन्हात पालथे घालायचे, की पुन्हा भरायला तयार. आठ बायका धुवायच्या. त्यांतली ही एकटी प्रत्येक डबा सुकल्यावर आत तोंड घालून वास घ्यायची आणि मधूनच एखादा बाजूला ठेवून द्यायची.

बाबू मुकादम ओरडायचा. "ए हिरूबाय, डब्यात काय बघतेस? नवरा शोधतेस काय?"

"तुझी अक्कल पडली काय ते बघतंय," ती म्हणायची. "ह्या डब्याचा वास गेला नाय. ह्यात नवा तेल घालशील तं आठ दिसांत खवट."

मुकादमाने दोन-तीनदा ते डबे हट्टाने भरले. आठ दिवसांत खवट झाले. तिसऱ्या वेळेला ही गोष्ट आमच्या केमिस्टच्या, म्हणजे सोमण साहेबांच्या कानावर गेली. सोमण साहेब म्हणजे पुण्याचा माणूस, बोलणं शुद्ध, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत. त्यांनी काय केलं असेल? वीस बाटल्यांमध्ये वेगवेगळ्या दिवसांचं तेल भरलं आणि तिला बोलावून म्हणाले, "बाई, ह्या जुन्या-नव्या लावून द्या पाहू."

तिने लावल्या. साहेबांनी आपल्या काचेच्या नळ्या, आयोडीन, काय काय ते घेऊन संध्याकाळपर्यंत तपासलं. एकाही बाटलीची जागा बदलावी लागली नाही. दुसऱ्या दिवशी खिडकीजवळ स्टूल आलं.

तिचं काम काय, ते सांगते. लॅबोरेटरीत एक तापतं कपाट आहे. प्रत्येक घाण्यातलं थोडं तेल बाटलीत भरून त्यात ठेवायचं. आत सतत ऊब. बाहेर जे व्हायला महिने लागतात ते आत थोड्या दिवसांत होतं, म्हणून आपल्याला आधीच कळतं की बाजारात गेलेला माल किती टिकणार. आणि रोज एकदा एकेका बाटलीचं बूच काढून वास घ्यायचा. बस. ऐकायला किती सोपं! मी एकदा घेऊन बघितला. सहा बाटल्यांनंतर मला सगळ्या सारख्याच वाटायला लागल्या, सातवीला शिंक आली.

त्या कपाटाला ती 'खुराडं' म्हणायची. सकाळी आली की, "चला, अंडी कशी हायती बघू."

आणि तिचे शेरे! साहेबांना हवं होतं उत्तम, मध्यम, किंचित खवट, खवट. तिने शेऱ्यात त्यातला एकही शब्द कधी वापरला नाही. चांगलं तेल म्हणजे 'जागं'. उतरायला लागलं की 'पेंगतंय'. मग 'बरळतंय'. आणि शेवटी 'मेलं'. मी रोज तिच्यासमोर मशीन घेऊन बसायचे, ती सांगायची, मी टाइप करायचे. पहिल्या आठवड्यात मी घाईघाईत 'घाणा क्रमांक चार, पेंगतंय' असंच छापून शेठकडे पाठवलं होतं. शेठना वाटलं घाण्यावरचा माणूस झोपतोय. तो बिचारा उगाच शिव्या खाऊन आला.

मला नावाने तिने कधी हाक मारली नाही. मी 'टकटकी'. "काय गो टकटके, आज लय जोरात? लगीन ठरलं काय?"

दोन बाटल्यांच्या मध्ये ती एक करायची. आपला डावा हात उचलून कोपराच्या आतल्या बाजूला नाक टेकवायची, डोळे मिटून एक लांब श्वास घ्यायची, आणि मग पुढची बाटली. मी विचारलं, "मावशी, हे काय?"

"घरी जाऊन येतंय," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"अगो, एका घरातनं उठून डायरेक दुसऱ्या घरात शिरलीस तं पयल्या घराचा धूर तुझ्या लुगड्याला असनारच ना? मधी आपल्या घरी जावं. मंग दुसरीकडं."

सोमण साहेबांनी हे ऐकलं आणि पेन खाली ठेवलं. म्हणाले, परदेशात अत्तरवाले असंच करतात, मी पुस्तकात वाचलंय. मी तिला म्हटलं, "मावशी, परदेशात पण असंच करतात." तर ती म्हणाली, "करतील ना. त्यांना बी घर असंल."

आता नाकासाठी तिने काय काय सोडलं ते ऐका. मिश्री सोडली. आगरी बाई, पहाटेपासून दाताला मिश्री, आणि एका दिवसात सोडली! कामाच्या दिवशी कांदा-लसूण नाही. सुकट, बोंबील फक्त शनिवारी रात्री, कारण रविवारी मिल बंद. "शनवारी आमच्याकडं या," ती सगळ्यांना सांगायची, "बाकीच्या दिवशी मी बामनीन हाय." केसाला वासाचं तेल नाही. आणि फुलं तर अजिबात नाहीत. तिला सोनचाफा जीव की प्राण, दारात झाड आहे तिच्या, पण कामाला लागल्यापासून डोक्यात फूल म्हणून घातलं नाही.

आणि तिच्या पायी आम्हीही सुटलो नाही. मी पहिल्या दिवशी मोगऱ्याचा गजरा घालून आलेले. दारातच तिने हात आडवा केला. "पोरी, चांगली दिसतेस. भायेर जा." तेव्हापासून आम्ही ऑफिसातल्या चौघीजणी फक्त अबोली घालतो. अबोलीला वास नसतो ना! आमच्या रस्त्याच्या फुलवालीला वाटतं मिलमध्ये कसलं तरी व्रत चालू आहे.

कल्याणचं सांगायचं राहिलंच. तेही सांगायला हवं, पुढे लागणार आहे.

कल्याणच्या एका दुकानदाराचं रागाचं पत्र आलं. तुमचं तूप येतंच खवट, सगळा माल परत न्या. शेठ घाबरले. सोमण साहेब, मी आणि हिरूमावशी, तिघं मिलच्या लॉरीतून निघालो. मुंब्र्यावरून शीळफाटा, तिथून कल्याण. मी मधे बसलेले, मावशी खिडकीशी, आणि बाई वाटभर नाकाने गाव सांगत होती. "ही खाडी. ओहोटी लागली." थोड्या वेळाने, "इथं कुनीतरी भात उकडतंय." शीळफाट्याला लॉरी थांबली तर डोळे मिटूनच म्हणाली, "हितं चहा नका घेऊ, दूध करपलंय." घेतला आम्ही. करपलेलं होतं.

दुकानात गेलो. दुकानदार चांगला माणूस, पण तापलेला. मागच्या खोलीतले बंद डबे मावशीने उघडायला लावले. वास घेतला, घरी जाऊन आली, पुन्हा घेतला. "जागं हाय." दुसरा. "जागं हाय." दुकानदार म्हणाला, "मग मी खोटं बोलतो काय? हे बघा!" आणि त्याने दुकानाच्या पुढच्या भागात मांडलेलं भलंमोठं पितळेचं पिंप दाखवलं. नवं चकचकीत, गिऱ्हाइकाला दिसावं म्हणून. डबे फोडून तूप त्यात ओतायचं आणि सुटं विकायचं. रोज संध्याकाळी त्याची बायको ते बाहेरून आणि वर जिथपर्यंत हात पोचेल तिथपर्यंत आतूनही चिंचेने घासायची.

मावशी वाकली, आणि झटकन मागे आली. "दादा, ह्याला कल्हई कवा लावलेली?"

"घेतलं तेव्हाची आहे की."

"चिंचेनं गेली ती कवाच. उघड्या पितलेत तूप घातलंत तुमी. आंबट ताक पितलेत ठेवाल काय?"

"ताक नाही ठेवणार. पण तुपाला काय होतंय?"

तेव्हा सोमण साहेबांनी समजावलं, की हवेतला प्राणवायू तुपाला हळूहळू खात असतो, खवटपणा म्हणजे तेच. आणि तांबं-पितळ त्या प्राणवायूला हात धरून आत नेतं, मग कामाला वेग येतो. कल्हई असली तर मधे भिंत असते. दुकानदाराने कपाळावर हात मारला. बायको आतून म्हणाली, "मी म्हणत होते, कल्हईवाला गल्लीत आलाय, द्या पिंप. तर म्हणे पुढच्या महिन्यात." निघताना त्यांनी आम्हाला पोहे खायला घातले. परत येताना लॉरीत मावशी म्हणाली, "तो वास मी इसरनार नाय. तुपाच्या मागं कुनीतरी जुना पैसा चोखतंय, असा."

तर आता मुख्य गोष्ट.

एक दिवस एक विक्रेता आला, टाय लावलेला, अत्तर चोपडलेलं. मावशीने त्याला व्हरांड्यातच बसवलं, आम्ही बाहेर जाऊन त्याचं ऐकलं. त्याच्याकडे पांढरी पावडर होती. परदेशात रसायनांपासून बनवलेली. चिमूटभर घातली की एवढं मोठं पिंप तूप कितीतरी जास्त टिकतं. साहेबांनी आम्हाला तो शब्द सांगितला, अँटिऑक्सिडंट. म्हणाले, "प्राणवायू तुपावर चालून आला की ही पावडर पुढे होते, आधी ती स्वतः खाल्ली जाते. ती संपेपर्यंत तुपाला धक्का लागत नाही."

मावशी म्हणाली, "म्हंजे थोरल्या भनीसारखी. बापाचा मार आधी तिनं खायचा."

विक्रेता खूश होऊन म्हणाला, "अगदी! आणि ह्याच जातीची रसायनं मोटारीच्या टायरमध्येही घालतात, रबराला भेगा पडू नयेत म्हणून."

"टायरात घालतात ते पोटात घालनार?" मावशीने साहेबांकडे बघितलं.

"तेच नव्हे हो. चुलतभाऊ समजा," साहेब म्हणाले. "टायरवाला वेगळा, पोटातला वेगळा. ह्याला सरकारची परवानगी आहे, तीही ठरलेल्या मापातच."

"आनि आमचं पान काय वाईट हाय?"

म्हणजे विड्याचं पान. आपण घरी लोणी कढवताना शेवटी पान टाकतो ना, तेच. साहेब म्हणाले, पानातही हाच गुण आहे. लवंगेत आहे, हळदीत आहे, तिळाच्या तेलात तर जन्मतःच आहे, म्हणून ते इतर तेलांपेक्षा टिकतं. सफरचंदाला लिंबू चोळलं की काळं पडत नाही, तेही ह्याच भाऊबंदकीतलं. फक्त कोण किती दम धरतं, ते बघायला पाहिजे.

मग शेठ बोलले. आणि बोलले ते मावशीच्या समोरच बोलले. "सोमण, ही पावडर चालली तर माल खराबच होणार नाही. मग रोज वास घ्यायला वेगळी बाई कशाला? हिरूबाई परत डब्यांवर जातील."

 मी मावशीच्या हातांकडे बघितलं. तुम्ही ते हात आधी बघितले नाहीत. सोड्याच्या पाण्याने बोटांना अशा चिरा पडायच्या की घरी नातीची वेणी घालताना पोरीचे केस त्या चिरांत अडकायचे आणि ती रडायची. शेवटी नात शेजारणीकडे जायला लागली वेणीला. मावशीनेच सांगितलेलं मला. स्टुलावर बसायला लागल्यावर वर्षाने हात बरे झाले, आणि मग एक दिवस ती सकाळी येऊन म्हणाली होती, "आज मी घातली वेनी. चार पेडांची." दिवसभर चार पेडांची, चार पेडांची, हेच चाललेलं.

परीक्षा ठरली. तीन बाटल्या. एका घाण्याचं तूप. एकीत काहीच नाही, एकीत पानाबरोबर कढवून गाळलेलं, एकीत पावडर. काळ्या कागदात गुंडाळलेल्या, वर फक्त आकडे. कुठल्या आकड्यात काय हे साहेबांनी चिठ्ठीवर मला सांगून टाइप करून घेतलं, पाकीट बंद केलं आणि माझ्याच खणात कुलूप लावून ठेवायला दिलं. म्हणजे बघा, मिलमध्ये साहेबांखेरीज एकट्या मला माहीत होतं. एक नंबर साधं, दोन नंबर पान, तीन नंबर पावडर.

आणि रोज मी तिच्यासमोर बसून टाइप करणार! 

एक नंबर लवकर गेलं. "मेलं," ती म्हणाली, आणि बाटली कपाटातून बाहेर आली. दोन आणि तीन राहिली. दिवस जायला लागले. दोन्ही जागी. मी मनात दोन नंबरला म्हणत होते, अगं तग धर, तग धर. बायकांनी नवस बोलावा तसं मी एका तुपाच्या बाटलीसाठी बोललेय, कुणाला सांगू नका.

मग एका सकाळी तिने दोनचं बूच काढलं, वास घेतला. घरी जाऊन आली. पुन्हा घेतला. पुन्हा घरी जाऊन आली. इतक्या वेळा कधी जात नाही. माझी बोटं बटणांवर.

"दोन नंबर," ती म्हणाली, "पेंगतंय."

"मावशी, नीट बघ ना. सर्दी नाही ना झाली तुला?"

"लिव तू."

तीन दिवसांनी बरळलं. मग मेलं. तीन नंबर आपलं जागंच, आणि पुढे कितीतरी दिवस जागं. पाकीट फोडलं, शेठ टाळी वाजवून हसले, पावडरीची ऑर्डर गेली. सोमवारपासून मावशी डब्यांवर.

शनिवारी ती स्टुलावरची आपली उशी गुंडाळत होती तेव्हा माझ्याने राहवलं नाही. "मावशी, माझ्या तोंडाला कुलूप नसतं तर मी तुला सांगितलं असतं गं. दोन म्हणजे पान."

ती माझ्याकडे बघतच राहिली, आणि मग एवढी हसली! "गो टकटके, तू येडी का तुजा सायब येडा? पान काय कागदात लपतंय? पयल्या दिवशी बूच काढलं तवाच मी वलखलं. आनि एक साधं, म्हंजे तीन ती भुकटी. हाय काय नि नाय काय!"

मी उडालेच. खरंच की! आकड्यांनी डोळ्यांपासून लपवलं, आणि परीक्षा नाकाची. पुण्याच्या माणसाला हे सुचलंच नव्हतं. मला तरी कुठे सुचलं?

"मग तुला माहीत होतं तर," मी म्हटलं, "तू सरळ तीन नंबर मेलं म्हणायचंस. कोण धरणार होतं तुला?"

तिने उशीची गाठ मारली. "मेलं ते मेलं, जागं ते जागं. उद्या ते तूप कुनाची तरी नात खाल ना गो." आणि गेली.

पुढचे महिने मला आवडले नाहीत. कपाट होतं, बाटल्या आठवड्यातून एकदा साहेब स्वतः बघायचे. मी येता-जाता डब्यांच्या शेडमध्ये डोकवायचे. मावशी वाफेत. हाक मारली की हात वर करायची, फडक्याने बोटं बांधलेली. सवतीने घर घेतलं म्हणून बायका चिडवायच्या तिला. तीही म्हणायची, "गोरी हाय ना बाय, शेठला गोरीच पायजे."

आणि मग दसऱ्यानंतर मालाच्या तक्रारी सुरू झाल्या. ठाणे, डोंबिवली, कल्याण, सगळीकडून. पावडर घातलेलं तूप खवट! आणि पुढे दिवाळी. सोमण साहेबांचं तोंड एवढंसं झालं. पावडर मापात होती, त्यांनी स्वतः तोललेली. शेठ गरजले, "फसवलं त्या टायवाल्याने! बंद करा ती पावडर. पोती-बिती असतील ती खाडीत टाका!"

साहेब कुणाला न विचारता शेडमध्ये गेले आणि मावशीला घेऊन आले. मागून बाबू मुकादम. "हिरूबाय, पेढे वाट! तुझी सवत मेली!"

ती पदराला हात पुसत स्टुलाशी उभी राहिली, बसली नाही. बाटली घेतली. वास घेतला. मग हात उचलला, कोपराशी नाक नेलं, पण हाताला सोड्याचा वास, तर तिने पदर सारून खांद्याशी नाक टेकवलं. डोळे मिटून थोडा वेळ तशीच. पुन्हा बाटली.

आम्ही सगळे बघतोय. एक शब्द बोलली असती ना, भुकटी वाईट म्हणून, की स्टूल तिचं.

"भुकटीचा दोष नाय," ती म्हणाली. "ह्यात पितल हाय. कल्याणच्या पिंपावानी."

"आपल्याकडे कुठे आलंय पितळ?" साहेब म्हणाले. "सगळी पिंपं तर..."

मुकादम दोन पावलं पुढे आला. मग म्हणाला, "साहेब, तो झारा..."

खंडेनवमीला मिलमध्ये हत्यारांची, यंत्रांची पूजा होते, सगळीकडे होते तशीच. मुकादमाने त्या दिवशी पावडर ढवळायचा जुना कळकट झारा पूजेत मांडायला लाज वाटली म्हणून स्वतःच्या पदरचे पैसे घालून नवा कोरा पितळी झारा आणला होता. लांब दांड्याचा. हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं. आणि पूजेचा झारा माळ्यावर कसा टाकायचा, तो बरकतीचा, म्हणून तेव्हापासून तोच वापरात होता. आणि नुसता वापरात नाही, गरम तुपात रात्रंदिवस उभा! कल्हई? देवाला लावलेल्या नव्या भांड्याला कोण कल्हई करतंय!

मुकादम रडायच्या बेतात. "मी चांगल्यासाठी केलं हो."

"चांगलाच हाय तुजा झारा," मावशी म्हणाली. "घरी ने. भावजयला भजी तळू दे... नको, आधी कल्हई कर."

सगळे हसले, तोही हसला. झारा बदलला. पुढच्या घाण्याची बाटली कपाटात गेली, आणि जागी राहिली, राहिली, राहिली. साहेबांनी नंतर पावडरीबरोबर लिंबाच्या सत्त्वाचे चार खडेही घालायला सुरुवात केली, ते म्हणे चुकून आलेल्या धातूची खोड मोडतं. मावशी म्हणाली, चिंचेचा गुन्हा लिंबानं फेडला.

शेठना एवढंच म्हणाली ती, "शेठ, भुकटी तुपाला राखल. पन भुकटीला कोन राखल?" शेठनी स्वतः जाऊन स्टूल पुसलं. खरंच, रुमालाने.

त्यानंतर मिलमध्ये पावडरही राहिली आणि नाकही. आणि पान? पान तिने घरी ठेवलं. "घरचं तूप म्हैन्याभरात संपतंय, त्याला पान पुरं. दुकानातलं कुठं कुठं जानार, त्याला भुकटी." माझ्या आईने हे ऐकल्यापासून आमच्याकडे पान टाकल्याशिवाय लोणी कढत नाही.

तर काल. नारळ, लुगडं, शेठचं भाषण. सोमण साहेब उभे राहिले आणि म्हणाले, "मावशी, तुमचे शब्द आम्ही रिपोर्टात तसेच ठेवायला हवे होते." तिची नात आलेली न्यायला, चार पेडांची वेणी घालून. ती आता पाचवीत आहे.

मी पहाटेच बाळकूमला जाऊन नातीकडून त्यांच्या दारचा सोनचाफा आणलेला. फाटकाशी मावशीला थांबवलं आणि तिच्या अंबाड्यात खोवला. एक नाही, पाच! तिने हात वर नेऊन चाचपले, मग एक काढून नाकाशी धरला. किती वेळ! आम्ही सगळे फाटकाशी उभे.

आणि मग सवयीने तिचा डावा हात उचलला गेला. कोपर नाकाकडे चाललं. अर्ध्यावर ती थांबली, माझ्याकडे बघितलं आणि हसायला लागली.

"आता कशाला गो?" ती म्हणाली. "आता घरीच चाललंय."

हात खाली घेतला, त्या हाताने नातीचा हात धरला, आणि दुसऱ्या हातातला चाफा नाकाशी धरूनच खाडीच्या बाजूच्या रस्त्याने निघाली. वळणापर्यंत तो हात खाली आला नाही.

डब्याचा तास संपत आला. मी आज अबोली घातलेली आहे, आता खरं तर मोगरा चालला असता, पण सकाळी फुलवालीकडे हात अबोलीकडेच गेला. तुमचं झालंय का हो असं कधी? माणूस कामावरून गेलं, मनाई उठली, आणि तरी तुम्ही त्याचा नियम पाळत बसलात?